आधी तळी, मग देऊळ

गोव्यात नार्वे नावाची दोन गावं आहेत. एक दिवाडी बेटावर, तिसवाडी तालुक्यात; दुसरं नदीपलीकडे, डिचोली तालुक्यात. सप्तकोटेश्वराचं देऊळ आज डिचोलीतल्या नार्व्याला आहे, म्हणून कुलदैवताला जायचं म्हटलं की आमच्याकडची सगळी मंडळी तिथेच जातात. सकाळी अभिषेक, दुपारी प्रसाद, येताना जमलं तर मंगेशी-म्हार्दोळ, आणि मुक्काम पणजीला. कोल्हापूरहून निघणाऱ्या गाडीचा हा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. दिवाडीवरचं नार्वे कोणी पाहिलेलं नसतं. खरं तर आमचं मूळ गाव तेच, आणि देवाचंही.

या वर्षी बाबांना घेऊन मी उलट बाजूनं गेले. आधी दिवाडी, तिथे देवाची जुनी जागा आणि जुन्या देवळाची तळी, मग फेरीबोटीनं नदी ओलांडून आजचं देऊळ. गोव्यातून बाहेर पडलेल्या अनेक घराण्यांचं दैवत असंच हललेलं आहे. मंगेश कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. त्या सगळ्यांनी एकदा तरी या क्रमानं जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आमच्या घराची हकीकत थोडक्यात अशी. घर कोल्हापूरचं, त्याआधी कुडाळचं, त्याआधी दिवाडीचं. कुडाळपर्यंतची वंशावळ काकांनी हातानं उतरवून ठेवली आहे. त्यामागे मात्र एकच ओळ आहे: ‘मूळ नार्वे, दीपवती बेट, दैवत सप्तकोटेश्वर’. दीपवती म्हणजेच दिवाडी. नाव नाही, साल नाही, का निघालो तेही नाही. पण साल माहीत नसलं तरी काळ माहीत आहे. पोर्तुगिजांनी १५१० साली तिसवाडी घेतली, आणि १५४० च्या सुमारास तिथली देवळं पाडली गेली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १५४१ ला, देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवण्यात आलं. देवाचं उत्पन्न गेलं की पूजा, दिवाबत्ती, देवळाच्या आधारानं जगणारी घरं, सगळंच उठतं. आमचे लोक त्या पन्नासेक वर्षांत कधीतरी उठले असणार.

सप्तकोटेश्वर म्हणजे कुठलं आडवळणाचं दैवत नव्हे. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांचं ते कुलदैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आहे आणि सोबत सप्तकोटीश्वराचं नाव, त्याच्या कृपेनं वर मिळाला अशा अर्थाचं. आज गोव्याच्या सरकारी बसवर ‘कदंब’ असं लिहिलेलं असतं. राज्याला आपल्या प्रवासी गाड्यांना द्यावंसं वाटलं ते नाव याच राजांचं. त्यांच्या देवाचं मूळ देऊळ दोनदा गेलं. पहिल्यांदा १४ व्या शतकात, बहामनी स्वाऱ्यांत. तेव्हा विजयनगरच्या माधव मंत्र्यानं गोवा परत घेतल्यावर लिंगाची पुन्हा स्थापना केली. दुसऱ्यांदा पोर्तुगिजांच्या वेळी. त्यानंतर त्या जागी देऊळ झालंच नाही.

तयारीला फार काही लागत नाही, पण वेळ सांभाळावी लागते. डिचोलीचं देऊळ दुपारी बंद असतं, म्हणून अभिषेक करायचा असेल तर सकाळ गाठायला हवी. आणि आधी दिवाडी करायची तर दिवस उजाडतानाच निघायला हवं. माझी आत्या लग्न होऊन डिचोलीला गेली ती तिथलीच झाली. तिला फोन केला तेव्हा तिनं दोनच गोष्टी विचारल्या: “दादाचे गुडघे बरे आहेत ना? तळीला पायऱ्या आहेत गो.” आणि “जेवायला किती जण?” भटजींशी तीच बोलून ठेवणार होती. आतेभाऊ गाडी घेऊन जुन्या गोव्याला येणार होता. आम्ही मार्गशीर्षातला सोमवार धरला. पाऊस संपून बराच काळ झालेला, गवत अजून हिरवं, ऊन सोसवणारं. बाबांच्या पिशवीत धोतर-उपरणं, काकांच्या वंशावळीची झेरॉक्स, आणि देवाला वाहायला घरच्या झाडाचे नारळ.

जुन्या गोव्यात चर्च बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लागायच्या आत आम्ही व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर पोचलो. फेरीबोट समोरच्या काठावर होती. ती येते, पुढचा लोखंडी फळा साखळ्यांवर खाली येऊन धक्क्याला घासतो, आधी दुचाक्या उतरतात, मग माणसं, मग गाड्या. सकाळी बोटीवर बहुतेक कामाला जाणारे: बँकेतला एक जण, शाळेच्या गणवेशातल्या मुली, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका. बाबा गाडीतून उतरून कठड्याला उभे राहिले. मांडवी इथे चांगलीच रुंद आहे, पण पलीकडचं झाडन्‌झाड दिसतं. “एवढंच?” बाबा म्हणाले. त्यांच्या मनातलं दिवाडी लांब होतं. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं बेट म्हणजे समुद्रातलं बेट अशी त्यांची कल्पना. हे नदीतलं, शेताबांधांचं.

बेटावर उतरल्यावर रस्ता सपाट खाजणातून जातो. खाजण म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून वाचवलेली शेतजमीन. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये आणि शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर जावं, म्हणून बांधात लाकडी दारं बसवतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीच्या पाण्याच्या रेट्यानं दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं. हे बांध राखणं हेच गावकारीचं मुख्य काम. गावकारी म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची संस्था. जमीन सगळ्यांची सामाईक, बांधाचा खर्च सामाईक, उत्पन्नातून देवळाचा खर्च, आणि उरलेलं वाटून घ्यायचं. पोर्तुगीज येण्याआधीपासून हे चालत आलेलं. त्यांनी १५२६ साली त्याचे नियम फक्त लिहून काढले, आणि कोमुनिदाद या नावानं ती संस्था आजही आहे. त्या बांधावर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आमच्या लोकांनी मागे काय सोडलं. देऊळ तर होतंच. पण ज्या बांधाची माती पिढ्यान्‌पिढ्या आपण चढवली तो बांध सोडून जायचं, हे शेतकऱ्याला देऊळ सोडण्याइतकंच जड गेलं असेल. आतेभावानं गाडी थांबवली होती. एका मानशीपाशी बगळे ओळीनं उभे, दारातून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत होतं. बाबांनी खाली वाकून त्या दाराचं लाकूड हातानं चाचपलं.

टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. त्याला लागून दफनभूमी, आणि तिच्यात एक छोटं चॅपेल. त्याचं छत कोरीव दगडाचं आहे. कदंबकाळातल्या देवळाचा तेवढा भाग टिकला असं जाणकार मानतात. चर्चपाशी विचारल्याशिवाय आत जाऊ नये. ती लोकांच्या आईवडिलांची विसावण्याची जागा आहे. आम्ही विचारलं, तिथल्या माणसानं सरळ बरोबर येऊन दाखवलं. चॅपेल अगदी लहान आहे. मान वर केली की दगडात कोरलेली फुलं-पाकळ्यांची नक्षी दिसते. वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर चढलेत, काही कडा बोथट झाल्यात, तरी छिन्नीची सफाई लपत नाही. हे सप्तकोटेश्वराच्या देवळाचंच छत की बेटावरच्या दुसऱ्या देवळाचं, यावर मतं वेगळी आहेत, म्हणून मी त्याच्यावर आमच्या घराचा हक्क सांगणार नाही. पण ते टिकलं ते तिथल्या लोकांनी टिकवलं म्हणून. बाबांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. ते छताकडे बघत बराच वेळ उभे होते, मग त्यांनी त्या माणसाला नमस्कार केला.

तिथून नार्व्याला जायचा रस्ता विचारताना फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ भेटले. ऐंशीच्या पुढचे असावेत, डोक्यावर टोपी, हातात भाजीची पिशवी. आतेभावानं कोंकणीत सांगितलं की ही मंडळी कोल्हापूरची, पण मूळची इथली, तळी बघायला आलीत. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “तुमचो देव पलतडी गेला न्हय?” देव पलीकडच्या काठाला गेला ना तुमचा. शेजारी घर बदलून गेल्याचं सांगावं तितक्या सहज. मग त्यांनी हातानं खुणा करत वळणं सांगितली: कुठे क्रूस लागेल, कुठे वड लागेल, कुठे गाडी ठेवायची. बाबांनी विचारलं, तुमचं घर किती जुनं? ते म्हणाले, आम्ही इथले गावकार, पहिल्यापासून. म्हणजे जे राहिले त्यांच्यातले. पाचशे वर्षांमागे त्यांचे आणि आमचे पूर्वज एकाच गावकारीच्या बैठकीला बसत असतील, एकाच बांधाला माती घालत असतील, कदाचित सख्खे भाऊबंदही असतील. एकानं घर राखलं, एकानं देव राखला. कोणाचं कठीण होतं ते ठरवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि ठरवायची मला गरजही वाटत नाही. दोघांनीही काहीतरी राखलं. बाबा आणि ते, दोघं एकमेकांचा हात धरून थोडा वेळ उभे होते. बाबा मराठीत बोलत होते, ते कोंकणीत, आणि मला मधे दुभाषी व्हावं लागलं नाही.

कोटितीर्थ. सप्तकोटेश्वराच्या देवळाची तळी. देवळाची म्हणून ओळखावी अशी भिंत, खांब, जोतं त्या जागी डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती ही तळी. लाल चिऱ्यात बांधलेली, चारी बाजूंनी आत उतरत जाणारी. भिंतीत कोनाडे आहेत, ठराविक अंतरावर एकेक. दिव्यांसाठी असतील, लहान मूर्तींसाठी असतील. चिऱ्याच्या भोकाभोकांतून नेचे उगवलेत, खालच्या थरांवर शेवाळं, पाणी हिरवं. मी एका कोनाड्याशी जाऊन नीट पाहिलं. वरची कमान एकाच दगडातून कापलेली आहे आणि आतली बाजू हात फिरवला तर गुळगुळीत लागते. बाहेरचा चिरा पावसानं खडबडीत झालाय, पण आत पाऊस पोचत नाही, तिथे घडवणाऱ्यानं घासलेला पृष्ठभाग अजून तसाच. कोनाड्याच्या तळाला काळसर डाग होता. तेलाचा की बुरशीचा कोण जाणे. मी त्यात आमच्या कुठल्या आजीनं लावलेली पणती बघितली आणि मला ते बघू द्या.

देऊळ पाडलं, त्याचे दगड दुसरीकडे लावले, लिंगसुद्धा उचललं. असं सांगतात की ते लिंग एका विहिरीवर खांबासारखं वापरात होतं, आणि तिथून भक्तांनी ते रातोरात नदीपलीकडे नेलं. पण तळी कोणी बुजवली नाही. पाणी सगळ्यांनाच हवं असतं, त्याला देव बदललेला चालतो. म्हणून कदंबांच्या त्या मोठ्या देवस्थानातलं आज हात लावून बघावं असं जे उरलं, ते हे.

बाबा पायऱ्या उतरायला निघाले तेव्हा मी आणि आतेभाऊ दोन्ही बाजूंनी होतो. पायऱ्या उंच आहेत आणि खालच्या निसरड्या. वयस्कर माणसांनी वरच थांबावं हे बरं, किंवा धरायला तरुण माणूस न्यावं. ते पाण्यापर्यंत गेले नाहीत. मधल्या पायरीवर बसले. आतेभावानं तांब्यात पाणी आणून दिलं, त्यांनी ते हातावर घेऊन डोळ्यांना लावलं, आणि खिशातली वंशावळ काढून सगळी नावं मोठ्यानं वाचली. कुडाळच्या मूळपुरुषापासून माझ्या भाच्यापर्यंत. बायकांची नावं काकांनी घातली नव्हती. ती बाबांनी आठवतील तशी आपली आपण घातली. आजी, पणजी, आत्या, मी. ही कुठल्या पोथीतली पद्धत नव्हे, त्यांना तिथे बसल्यावर सुचलं. मला विचाराल तर मूळ गावी गेल्यावर हे करावं. तिथे भटजी नाही, घंटा नाही, नारळ वाढवायला जागा नाही. जी माणसं जाताना मागे वळून बघत गेली असतील त्यांना, आम्ही कुठपर्यंत पोचलो ते निदान सांगता येतं.

कोटितीर्थाचा परिसर विकसित करायची योजना सरकारनं जाहीर केलेली आहे. माझी एवढीच मागणी आहे की तळी साफ व्हावी, चिऱ्याची पडझड चिऱ्यानंच दुरुस्त व्हावी, आणि मराठी-कोंकणीत नीट माहिती देणारा फलक लागावा. भोवती सिमेंटची कुंपणं आणि रंगीत फरशा नकोत. ही जागा आज बोलते ती तिच्यावर काही चढवलेलं नाही म्हणून.

नार्व्याच्या टोकाला दुसरा फेरी धक्का आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यापेक्षा हा शांत. इथून बोट डिचोलीच्या काठाला जाते. पाणी अरुंद आहे, काही मिनिटांत पलीकडे. या सगळ्या प्रवासात मला जर एकच गोष्ट कोणाला करायला सांगायची असेल तर ती ही: हा टप्पा गाडीच्या काचेआडून करू नका. खाली उतरा, बोटीच्या कडेला उभं राहा, मागचा काठ बघा आणि पुढचा बघा. देव गेला तो याच पाण्यावरून. त्याच्यामागून आमची माणसं गेली तीही बहुधा याच, कारण दिवाडीहून पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर पडायची सर्वांत जवळची वाट ती होती. मागचा काठ पोर्तुगिजांचा, पुढचा आदिलशहाचा. इकडे पूजा केली तर शिक्षा, तिकडे लिंग ठेवायला रान मोकळं. एवढ्याशा पाण्यानं सारं ठरवलं.

पुढे याच पाण्यावर मराठेही आले. दिवाडीच्या शेजारचं जुवें बेट संभाजी महाराजांच्या फौजेनं १६८३ च्या नोव्हेंबरात घेतलं होतं, आणि खुद्द व्हाइसरॉय तिथून जेमतेम निसटला. आतेभाऊ हे सांगत होता तेव्हा बाबांचं लक्ष नव्हतं. ते मागेच बघत होते.

डिचोलीच्या नार्व्याचं देऊळ डोंगराच्या कुशीत, झाडीत, जरा खोलगट जागी आहे. जवळ जाईपर्यंत दिसत नाही. लपवलेल्या देवाला अशीच जागा हवी होती. उंच शिखर नाही. अष्टकोनी बैठकीवर बसका घुमट, पुढे उतरत्या कौलांचा मंडप, अंगणात दीपस्तंभ. गोव्याच्या देवळांची जी घडण पुढे सगळीकडे दिसते, घुमट, कौलं आणि दीपस्तंभ यांची, ती इथे अगदी साध्या रूपात आहे. मला हे देऊळ फोंड्याच्या मोठ्या देवस्थानांपेक्षा जास्त आवडतं, ते आमचं आहे म्हणून तर आहेच, पण त्याच्या आकारासाठीही. जीर्णोद्धार होऊन ते २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा खुलं झालं, आणि काम करणाऱ्यांनी जुनी ठेवण मोडली नाही याचं समाधान वाटलं.

आत शिरताना दारावर शिलालेख आहे. बाबा संस्कृत शिकवत आले जन्मभर. त्यांनी चष्मा पुसून तो अक्षर अक्षर वाचला. ‘श्रीसप्तकोटीश शके १५९० कीलकाब्दे…’ इथपासून ‘श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः’ इथपर्यंत. शके १५९०, म्हणजे इसवी सन १६६८. कार्तिक वद्य पंचमीची तिथी आहे. शिवाजी महाराजांनी डिचोली भागात असताना हे देऊळ बांधायला घेतलं. म्हणजे दिवाडीवरचं देऊळ पडल्यापासून सव्वाशेहून जास्त वर्षं लिंग इकडे साध्याशा आसऱ्यात होतं. आणि महाराजांनी देऊळ उठवलं ते पोर्तुगिजांच्या राजधानीपासून नदी ओलांडली की पोचता येईल अशा ठिकाणी. त्या दिवशी डिचोलीच्या एका मराठी शाळेची मुलं सहलीला आली होती. बाबा वाचतायत बघून ती भोवती जमली, आणि बाबांमधला मास्तर जागा झाला. त्यांनी मुलांकडून सगळी ओळ म्हणवून घेतली. ‘कीलक’ हे साठ संवत्सरांतलं एक नाव आहे, हे एका मुलीला आधीच माहीत होतं. तिच्या आजोबांच्या पंचांगात बघितलेलं.

एक प्रश्न मला नेहमी पडायचा, तो तिथे भटजींशी बोलताना सुटला. पुढे गोवा सगळाच पोर्तुगिजांचा झाला, मग हे देऊळ कसं वाचलं? उत्तर सोपं आहे. डिचोली त्यांच्या हाती गेली ती १७८१ च्या सुमारास. तोवर त्यांचं धोरण बदललेलं होतं. नव्यानं घेतलेल्या मुलखात देवळांना हात लावायचा नाही, असं त्यांनी पाळलं. म्हणूनच गोव्याची जुनी देवळं फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण या बाजूला दिसतात, आणि तिसवाडी, बारदेश, साष्टीत दिसत नाहीत.

अभिषेकाला बाबा धोतर नेसून बसले. लिंग धारालिंग आहे, अंगावर उभ्या धारा काढलेलं. दुधाची धार सोडली की ती त्या कडांवरून वेगवेगळी उतरते. संकल्पाला भटजींनी गोत्र विचारलं, नाव विचारलं, राहणार कुठले विचारलं. बाबा म्हणाले, “कोल्हापूर.” मग थोडं थांबून, “मूळ नार्वे. दिवाडीचं.” भटजींनी मान डोलावली आणि विचारलं, “तळी बघून आलात?” बाबांनी आणलेलं पाणी पुढे केलं, तांब्यातलं, कोटितीर्थाचं. ते चढवता येईल का अशी मला शंका होती. भटजींनी ते पळीनं घेतलं आणि लिंगावर घातलं. म्हणाले, त्याच्या घरचंच पाणी आहे.

तुम्ही येणार असाल तर काही गोष्टी. तांब्या झाकणाचा आणा. पावसात तळीच्या पायऱ्या धोक्याच्या, म्हणून दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा काळ बरा. गोकुळाष्टमीला नार्व्याला नदीत स्नानाला मोठी गर्दी असते. तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण म्हाताऱ्यांना घेऊन शांतपणे फिरायचं तर ते दिवस टाळा. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. दिवाडीवर कोणालाही रस्ता विचारा, पण आधी दोन शब्द बोला. कोण, कुठले, कशाला आलात ते सांगा. पुढचं ते सांगतात.

आत्याच्या घरी जेवणं झाल्यावर बाबांनी वंशावळीचा कागद पुन्हा काढला. आता त्यांना गावकारीची जुनी दप्तरं बघायची आहेत. गोव्यातले जुने कागद काही पोर्तुगीज भाषेत, काही मोडीत, आणि त्याहून जुने गोयकानडी लिपीत. गोयकानडी वाचणारी माणसं आता फार थोडी उरलीत. पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारायचं, असं आतेभाऊ म्हणाला. आत्यानं मोडी येणाऱ्या तिच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांना तिथल्या तिथे फोन लावला, आणि बाबा त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसले.